एकाच पाट्याच्या पाच पट्ट्या: लोखंड मऊ, कडक आणि चिवट कसं करायचं

माझ्या वर्कशॉपला कोणी छन्नी, कोयता नाहीतर कुऱ्हाड करून घ्यायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मटेरियल कुठलं वापरता?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे, कारण त्याच मटेरियलची एक छन्नी वर्षभर काँक्रीट फोडते आणि दुसरी पहिल्याच घावाला टवका सोडते हे मी स्वतः बघितलंय, दोन्ही गाडीच्या एकाच पाट्यातून कापलेल्या होत्या. फरक पडला तो तापवलं किती, गार कसं केलं, आणि नंतर परत किती तापवलं यातून. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, हातानं केलं की एका रविवारात कायमचं समजतं, म्हणून घरी आणि छोट्या भट्टीवर करून बघता येईल असं लिहितोय. डिप्लोमाची पोरं, शेतकरी, फॅब्रिकेशनवाले, ज्याला गरज आहे त्यानं करून बघा.

सुरुवात खिळ्यापासून

भट्टी लागत नाही, स्वयंपाकाचा गॅस पुरतो. दोन इंची साधे लोखंडी खिळे दोन घ्या, जस्ताचा मुलामा असलेले नकोत, जस्त तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो. एक खिळा दोन पकडींनी मधोमध वाकवून बघा. जोर लागतो आणि हात ढिला केला की थोडी उसळी मारून मागे येतो. आता दुसरा खिळा पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत, निळ्या टोकाच्या जरा वर, लाल होईपर्यंत धरा, लाल झाला की अजून अर्धा मिनिट तसाच ठेवा, मग फरशीच्या तुकड्यावर ठेवून त्याचा त्याला गार होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर वाकवा. बाइंडिंग वायरसारखा वळतो.

आणि तो खरंच बाइंडिंग वायरच झालाय. खिळा आणि बाइंडिंग वायर दोन्ही जवळपास एकाच साध्या माइल्ड स्टीलचे, फक्त खिळ्याची तार थंड असताना डायमधून ओढून बारीक केलेली असते आणि बाइंडिंग वायर तशीच ओढून झाल्यावर भट्टीत तापवून मऊ केलेली असते. थंड धातू ओढला, ठोकला, वाकवला की आतल्या स्फटिकांच्या रचनेत गुंते तयार होतात, थरावर थर सरकायला अडचण होते, म्हणून तो कडक लागतो. तापवलं की जुने पिचलेले दाणे जाऊन त्यांच्या जागी नवीन स्वच्छ दाणे तयार होतात आणि धातू परत मऊ. वजन तेवढंच, मटेरियल तेच, एक अणूही बदललेला नाही.

हेच तांब्यावर केलं की अजून मजा येते. अर्थिंगची जाड एकेरी तांब्याची तार असेल तर तिचा वीतभर तुकडा घ्या, दहा-बारा वेळा एकाच जागी मागे पुढे वाकवा, ती जागा हाताला घट्ट होत गेलेली कळेल. मग तिला अंधुक लाल होईपर्यंत तापवा आणि थेट पाण्यात टाका. बाहेर काढा, लोण्यासारखी मऊ. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, पत्रा ठोकायचा, घट्ट आला की तापवायचा, परत ठोकायचा, आणि शेवटी भांडं आकाराला आलं की वरून मठारायचं. त्या मठारकामाच्या गोल गोल चकाकत्या खुणा आपण शोभा म्हणून बघतो, पण ते शेवटचे ठोके पत्र्याला ताठपणा देतात आणि त्यानंतर भांडं परत लाल करायचं नसतं, केलं तर हंडा हातानं दबेल इतका मऊ होईल.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच कामाला येणार आहे. तांबं लाल करून पाण्यात टाकलं तर मऊ झालं. कार्बनवालं लोखंड लाल करून पाण्यात टाकलं तर काचेसारखं कडक होतं. दोघांना एकच वागणूक दिली आणि निकाल बरोबर उलटे. साध्या खिळ्यात कार्बन फार कमी असतो म्हणून त्याच्यात हा खेळ फारसा दिसत नाही, त्यासाठी पाटा पाहिजे.

पाटा कुठून आणायचा

गाडीचा सस्पेन्शनचा पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग. आपल्याकडे पाट्याला बहुतेक ईएन ४५ नाहीतर एसयूपी ९ अशा जातीचं स्टील असतं, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, म्हणजे शंभर किलोत अर्धा किलोच्या जरा वर. एवढ्याशा कार्बनवर सगळं चालतं. रस्त्याच्या कडेला भाता लावून कोयते, खुरपी, कुऱ्हाडी करणारे घिसाडी लोक पिढ्यान्पिढ्या हेच मटेरियल का उचलतात ते यातून कळतं, त्यांना ग्रेडचं नाव माहीत असो नसो, ठिणगीवरून ते पाटा बरोबर ओळखतात. तुम्हीही बघा, ग्राइंडरला माइल्ड स्टील लावलं तर लांब सरळ पिवळसर ठिणग्या निघतात, पाटा लावला की ठिणगीच्या टोकाला फुलं फुटतात. कार्बन जितका जास्त तितकी फुलं दाट.

हायवेला पाटे बसवणारे वर्कशॉप असतात, तिथे नव्या पाट्याचे कापलेले तुकडे मिळाले तर सगळ्यात उत्तम. जुना तुटलेला पाटा घेऊ नका असं मी म्हणत नाही पण त्याने लाखो वेळा खाली वर केलेलं असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा आत असू शकतात, आणि तुमचा तुकडा तडकला की दोष पाणी देण्याचा (तापवून एकदम विझवण्याचा) की जुन्या चिरेचा हे कळत नाही. जुनाच असेल तर जिथे तुटलाय तिथून आणि मधल्या बोल्टच्या भोकापासून लांबचा भाग घ्या.

सहा एमएम जाडीचा पाटा मिळाला तर दीडशे एमएम लांब, दहा-बारा एमएम रुंद अशा पाच पट्ट्या ग्राइंडरनं कापा, कापताना मधून मधून पाण्यात बुडवा म्हणजे आधीच तापून बिघडणार नाहीत. प्रत्येकीच्या एका टोकाला ग्राइंडरनंच खाचा पाडा, एकीला एक, दुसरीला दोन, असं. मार्करनं लिहिलं तर भट्टीत जळून जातं.

भट्टी आणि तयारी

ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप, त्याला छोटा ब्लोअर, आणि लाकडी कोळसा. एवढ्यावर होतं. एलपीजी बर्नरची छोटी भट्टी असेल तर अजून सोपं. जागा सावलीची पाहिजे, शक्यतो संध्याकाळची वेळ, कारण लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो, दुपारी बारा वाजता जो तुम्हाला अंधुक लाल वाटतो तो खरं तर बराच पुढे गेलेला असतो.

तेल पाहिजे पाच लिटर, सोयाबीन चालतं, शेंगतेलही चालतं, जाड पत्र्याच्या डब्यात आणि त्या डब्याला घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण. तेल कोमट करून घ्या, पन्नास-साठ डिग्री, गार तेल घट्ट असतं आणि लोखंडाभोवती नीट फिरत नाही म्हणून कोमट तेल उलट जास्त चांगलं गार करतं. जळकं इंजिन ऑइल बरेच जण वापरतात, मी बंद केलं, त्याचा धूर छातीत बसतो. तेलात पाण्याचा थेंब जाता कामा नये, प्लास्टिकचा डबा चुकूनही नको, पेट घेतला तर पाणी न टाकता झाकण टाकायचं, वाळूची बादली शेजारी. गॉगल आणि सुती कपडे. हे सगळं मी शब्दांत पटकन उरकतोय पण करताना एकही गोष्ट सोडू नका.

एक चुंबक लोखंडी सळीला बांधून ठेवा आणि चिमूटभर मीठ. का ते आता सांगतो.

रंग कसा ओळखायचा

लोखंड तापत गेलं की ७७० डिग्रीला चुंबक त्याला चिकटणं बंद होतं. ही खूण पक्की आहे, निसर्गानं दिलेली, डोळ्याची चूक होत नाही. पण पाट्यासाठी तेवढ्यावर थांबून चालत नाही, आतला कार्बन नीट विरघळायला अजून थोडं वर, साधारण ८५० च्या आसपास जावं लागतं. साधं मीठ ८०१ डिग्रीला वितळतं, म्हणून पट्टीवर दोन खडे टाका, वितळून पाण्यासारखे पसरले की ८०० ओलांडलं, तिथून एक छटा अजून उजळ, पिकलेल्या टोमॅटोच्या लालवरून नारिंगीकडे झुकायला लागलं की बास. पिवळं होऊ द्यायचं नाही. मीठ टाकलेली जागा नंतर गंजते, म्हणून ही परीक्षा पहिल्या एक-दोन वेळा करा, डोळा बसला की गरज पडत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. गार लोखंडाच्या स्फटिकात कार्बनला जागाच नसते, तो बाजूला लोखंडाशी जोडी करून कठीण थर करून बसतो. तापवलं की लोखंडाची बांधणीच बदलते, या गरम रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात, रॉबर्ट्स-ऑस्टेन नावाच्या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञावरून, आणि त्याच्यात कार्बन आरामात विरघळतो. आता गार करताना दोन वाटा. हळू गार केलं तर कार्बनला बाहेर पडून परत आपले थर करायला वेळ मिळतो, लोखंड मऊ. एकदम गार केलं तर कार्बन आतच अडकतो, बांधणी ताणली जाते, आणि जे तयार होतं ते मार्टेन्साइट, भयंकर कडक आणि तितकंच ठिसूळ. हे नाव जर्मनीच्या अडॉल्फ मार्टेन्सवरून.

घरात साखरेचा पाक करतात त्यांना हे लगेच पटेल. पाक थाळ्यात पातळ ओतून पटकन गार केला की काचेसारखी तडकणारी चिक्की होते, तोच पाक घोटत घोटत हळू गार केला की दाणेदार वडी. साखर तीच.

पाच पट्ट्या

पहिली पट्टी आहे तशीच ठेवा, काही करायचं नाही. ही कंपनीनं दिलेली अवस्था, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर पंचेचाळीसच्या आसपास.

दुसरी नीट नारिंगी-लाल करा, पाच मिनिटं त्याच रंगावर धरा, आणि कोरड्या राखेच्या भरलेल्या डब्यात खोल पुरून टाका. राख आधी थोडी गरम असेल तर उत्तम. सकाळपर्यंत हात लावू नका. हे अनिलिंग.

तिसरी तेवढीच लाल करून वाऱ्याचा झोत नसलेल्या जागी विटेवर उभी करून हवेत गार होऊ द्या. हे नॉर्मलायझिंग.

चौथी लाल करून थेट तेलात. सांडशीनं टोक धरायचं, सरळ उभी खाली घालायची, आडवी घातली तर एक बाजू आधी गार होऊन पट्टी वाकते. आत गेल्यावर वर-खाली हलवा, डावी-उजवी नको. धूर थांबेपर्यंत आतच.

पाचवी मुद्दाम बिघडवायची. पिवळी होईपर्यंत तापवा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग तेलात.

आता परीक्षा. आधी सगळ्यांवर एक चांगली धारदार कानस फिरवा. दुसरीवर कानस खसखस चावते, भुकटी पडते. तिसरीवर चावते पण जरा कष्टानं. पहिलीवर अजून कमी. चौथीवर कानस घसरते, काचेवरून फिरवल्यासारखा बारीक आवाज येतो आणि कानशीचीच धार जाते. इथे एक फसवणूक होते, मी स्वतः तिच्यात बरेच दिवस अडकलो होतो, चौथीवरही कधीकधी कानस चावते आणि वाटतं पाणी चढलंच नाही. खरं तर भट्टीत वरच्या पातळ थरातला कार्बन जळून गेलेला असतो, साल मऊ, आतला गाभा कडक. आधी पाण्यात बुडवत बुडवत वरचा अर्धा एमएम घासून काढा आणि मग कानस लावा.

मग वाकवणं. व्हाइसमध्ये अर्धी धरून वरून पाइप घालून ओढा. दुसरी पट्टी काटकोनात वळते आणि तशीच राहते. तिसरीही वळते, जोर जास्त. पहिली बऱ्यापैकी वाकून सोडली की सरळ होते, हा स्प्रिंगचा गुण. चौथी आणि पाचवी पाइपनं वाकवू नका, त्या फुटून उडतात. गोणपाटात गुंडाळा, व्हाइसमध्ये टोक धरा, आणि गॉगल लावून हातोडीचा एक सरळ ठोका द्या. टक्कन तुटते, जराही न वाकता.

आता दोन्हीचे तुटलेले तोंड उजेडात शेजारी शेजारी धरा, सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण. चौथीचं तोंड राखाडी, मखमलीसारखं बारीक, दाणा दिसतच नाही. पाचवीचं तोंड चकचकतं, जाडी साखर फोडल्यासारखे मोठे मोठे दाणे. जास्त तापलं, जास्त वेळ तापलं, तर दाणे एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि मोठ्या दाण्याचं लोखंड कितीही नीट टेंपर केलं (विझवल्यावर परत बेतानं तापवलं) तरी घाव सोसत नाही. एकदा हे डोळ्यानं बघितलं की माणूस परत कधी भट्टीत लोखंड विसरून चहाला जात नाही.

दाणे मोठे झालेलं लोखंड फेकायचं का? नाही. नीट लाल करून हवेत गार, असं दोन-तीनदा केलं की दाणा परत बारीक होतो. तिसऱ्या पट्टीचं खरं काम हेच. ठोकून आकार दिलेली कुठलीही वस्तू तेलात घालायच्या आधी मी तीनदा नॉर्मलाइज करतोच, घाई असली तरी, कारण ठोकताना वस्तूचा काही भाग जास्त तापलेला असतो, काही कमी, आणि ते सगळं एका पातळीवर आणावं लागतं.

आता छन्नी करूया

पाट्याचा दोनशे एमएम लांब, वीस-बावीस एमएम रुंद तुकडा, जाडी आठ-दहा एमएम. तोंडाकडचा भाग लाल-नारिंगी करून ऐरणीवर ठोकून निमुळता करा. लाल रंग अंधुक झाला की ठोकणं थांबवा आणि परत भट्टीत, गार होत आलेल्या कार्बन स्टीलवर घण मारला की आतून चिरतं. ठोकण्याचा फायदा आकाराच्या पलीकडे आहे, लाकडाला जसे रेषे असतात तसे लाटलेल्या लोखंडालाही एका दिशेनं रेषे असतात, आणि ठोकून आकार दिला की ते रेषे आकाराबरोबर वळतात, कापून आकार दिला की तुटतात. गाडीचा क्रँकशाफ्ट अख्ख्या ठोकळ्यातून कापून न काढता फोर्ज करतात त्यामागे हेही एक मोठं कारण आहे, पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जसारखा कारखाना त्याच कामावर उभा राहिला.

आकार झाला, तीनदा हवेत गार केलं, ग्राइंडरनं तोंड साफ केलं, धार मात्र अजून लावायची नाही, तोंड एक-दीड एमएम जाड ठेवा. पातळ धार तेलात जाताना तडकते.

आता पुढचा फक्त साठ-सत्तर एमएम भाग नारिंगी-लाल करा आणि पुढचा तीस-पस्तीस एमएम भाग तेलात बुडवा, छन्नी जरा वर-खाली करत राहा म्हणजे कडक आणि मऊ भागाच्या मध्ये एक सरळ रेषा तयार होणार नाही, नाहीतर पुढे तिथूनच तुटते. सात-आठ सेकंदांनी बाहेर काढा. तोंड गार, मागचा भाग अजून गरम. पटकन तेल फडक्यानं पुसा, विटेच्या तुकड्यानं नाहीतर जुन्या पॉलिश पेपरनं तोंडाची एक बाजू घासून पांढरी चकचकीत करा, आणि नजर हलवू नका.

मागची उष्णता हळूहळू पुढे सरकते आणि त्या चकचकीत भागावर रंग धावायला लागतात. आधी गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा, साधारण २२० डिग्री. मग गडद पिवळा. मग तपकिरी, २५५ च्या आसपास. मग जांभळा, २७५-२८०. मग निळा, ३०० च्या जवळ. हे रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, जाडी वाढत जाते तसा रंग बदलतो, पाण्यावर पसरलेल्या तेलात दिसतात तसे. पाट्याच्या स्टीलमध्ये सिलिकॉन असतं म्हणून रंग दहा-वीस डिग्री इकडे तिकडे होतात, पण कामापुरते भरवशाचे आहेत. धारेवर जांभळा आला की अख्खी छन्नी तेलात सोडा. पिवळ्यावर थांबलात तर तोंड टवके सोडेल, निळा पुढे निघून गेला तर तोंड दबेल. उशीर होण्यापेक्षा मागची उष्णता कमी पडलेली बरी, कमी पडली तर मागून गॅसची ज्योत दाखवून रंग पुढे ढकलता येतो, निळा पुढे गेला तर सगळं पहिल्यापासून.

या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. अडकलेला कार्बन थोडा थोडा सुटतो, ताण कमी होतो, थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. तेलातून काढलेली वस्तू टेंपर न करता रात्रभर ठेवायची नाही, आतल्या ताणानं ती आपली आपण तडकू शकते. शिकत होतो तेव्हा घाईत एकदा मी अशीच छन्नी, तीही तेलाऐवजी पाण्यात विझवून, बाकावर ठेवून जेवायला गेलो, तोंड धुतोय तोवर आतून "टिंग" असा बारीक आवाज आला, येऊन बघतो तर तोंडापासून दोन इंच सरळ चीर. दोन तासांची मेहनत गेली. पाट्याच्या या जाती तेलाच्या आहेत, पाणी त्यांना फार जोरात गार करतं, त्यामुळे "पाणी देणं" हा आपला जुना शब्द असला तरी अख्खी वस्तू पाण्यात बुडवू नका. जुने कारागीर पाणी वापरतात ते फक्त धारेचा पुढचा भाग क्षणभर बुडवून लगेच बाहेर काढतात, तो अंदाज वर्षानुवर्षांचा असतो.

आणि छन्नीचं डोकं, जिथे हातोडी बसते, ते कधीही कडक करायचं नाही. कडक डोक्यावर कडक हातोडी बसली की बारीक कपची गोळीसारखी उडते. मऊ डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरतं, ते ग्राइंडरनं घासून परत साफ करत राहा, पसरलेल्या कडाही उडतात.

उसाच्या कोयत्याला हीच रीत, फक्त धार थोडी जास्त मऊ, जांभळ्याच्या पुढे निळ्याच्या सुरुवातीला, कारण कोयता कधी दगडावर बसेल सांगता येत नाही आणि सीझनला फडात धार परत लावणं सोपं, तुटलेलं पातं जोडणं अवघड. घरच्या ओटीजीत २२० वर तासभर ठेवून छोट्या सुऱ्या टेंपर होतात, तेवढं त्यालाच जमतं.

धार लावताना सगळ्यात जास्त वस्तू बिघडतात ते ग्राइंडरवर. दाब देऊन एका जागी धरली, धारेवर निळी पट्टी उमटली, की समजा तेवढा भाग ३०० ला पोचला आणि केलेलं टेंपर गेलं. परत पाण्यात बुडवून काही उपयोग नाही, तो निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो. दोन सेकंद घासा, बुडवा, परत दोन सेकंद. बोट लावता येईल इतकी धार गार पाहिजे.

ही रीत कुठे लावायची नाही

ॲल्युमिनियमला लाल करून कडक करायला जाऊ नका, लाल व्हायच्या आधीच ते वितळून सांडतं. त्याचा कायदाच वेगळा. जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर प्रयोग करत होता, १९०६ सालची गोष्ट, तापवून पाण्यात विझवलं तर मऊच राहिलं, आणि काही दिवसांनी बघतो तर तेच तुकडे आपोआप कडक झालेले. आत अतिशय बारीक कण हळूहळू तयार होत होते. त्यातून ड्युरल्युमिन आलं आणि विमानं त्याची बनली. विमानाचे काही रिव्हेट अजूनही विझवल्यावर फ्रीजमध्ये ठेवतात, बाहेर काढून मऊ आहेत तोवर ठोकतात, नंतर ते जागेवर कडक होतात. म्हणून टी ६ शिक्का असलेल्या, म्हणजे अशाच रीतीनं कडक केलेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग केलं तर जोडाच्या शेजारची पट्टी मऊ पडते हे हिशोबात धरा.

३०४ स्टेनलेस तापवून विझवून कडक होत नाही, ते फक्त थंड ठोकून, दाबून होतं. ३०४ च्या किचन सिंकच्या सपाट भागाला चुंबक लावा आणि मग खोल दाबलेल्या कोपऱ्याला लावा, कोपऱ्याला किंचित ओढ लागते, कारण दाबताना तिथली बांधणीच थोडी बदललेली असते.

ओतीव लोखंडात तर साच्यातच नशीब ठरतं. कोल्हापूरला शिरोलीकडे फाउंड्रीत काम करणारे सांगतील, तोच रस जाड भागात हळू गार झाला की आत ग्रॅफाइटच्या पापड्या बसतात आणि मशिनिंग छान होतं, पातळ कडेला झटकन गार झाला की पांढरं, टणक, टूल मोडणारं लोखंड निघतं. रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की त्याच पापड्यांच्या जागी गोळ्या बनतात आणि ओतीव असूनही ते वाकायला लागतं.

आणि शेवटची, ज्यांचं घराचं काम चालू आहे त्यांनी आजच साइटवर जाऊन बघायची गोष्ट. टीएमटी सळई. एफई ५०० मधला ५०० हा ताकदीचा आकडा मुख्यतः प्रक्रियेतून येतो, कार्बन त्यात पाट्यापेक्षा कितीतरी कमी असतो. लाटून लालभडक निघालेली सळई पाण्याच्या झोतांतून काही क्षण जाते, बाहेरची साल विझून कडक होते, मग आतल्या गाभ्याची उष्णता बाहेर येऊन त्याच सालीला टेंपर करते, छन्नीवर आपण जे केलं अगदी तेच, फक्त कारखान्यात. सळईचा कापलेला तुकडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, त्यावर पातळ नायट्रिक ॲसिड स्पिरिटमध्ये मिसळून लावलं तर बाहेरची गडद कडी आणि आतला फिका गोल स्पष्ट दिसतो, हे कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर करा, घरी नको. आता साइटवर कोणी जाड सळई वळत नाही म्हणून गॅस कटरनं लाल करून वाकवत असेल तर त्या जागी ती कडी संपली, सळई तिथे साध्या मऊ लोखंडाची झाली, वरून काँक्रीट पडलं की कोणाला दिसणारही नाही. तिथेच थांबवा, ती सळई बाजूला काढायला लावा, आणि योग्य मापाच्या गोल पिनेवर थंडच वाकवून घ्या.